बदलापूर–सीएसएमटी, लेडीज सेकंड क्लास: तिमाही पासचा रिव्ह्यू

येत्या चौदा तारखेला माझा लोकलचा पास संपतोय. संपायच्या दहा दिवस आधीपासून नवा काढता येतो, म्हणजे या आठवड्यात मी पुन्हा खिडकीशी उभी राहणार आणि "बदलापूर–सीएसएमटी, सेकंड क्लास, तीन महिने" असं सांगणार. २०११ पासून हेच सांगतेय. लोक मिक्सर दोन महिने वापरतात आणि त्यावर पानभर लिहितात. माझे रोजचे साडेतीन तास ज्या सेवेत जातात तिच्याबद्दल मी आजवर चार ओळी लिहिल्या नव्हत्या. दिवाळीनंतर आमच्या बिल्डिंगमध्ये दोन नवी बिऱ्हाडं आली. त्यातली एक मुलगी, लग्न होऊन सहा महिने झालेली, जिन्यात भेटली आणि म्हणाली, "ताई, नोकरी फोर्टला मिळतेय. जाणं-येणं जमेल का हो?" हातात भाजीच्या पिशव्या होत्या, मी "जमतं गं सगळं" म्हणून वर आले. ते उत्तर अपुरं होतं. पूर्ण उत्तर इथे लिहितेय.

पैशांपासून सुरुवात करते, कारण तिथे तक्रारीला जागाच नाही. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. एवढं अंतर रोज दोनदा कापून महिन्याला जे पैसे जातात, त्यात शहरात दोन वेळा रिक्षाने लांब जाऊन येणं होत नाही. तिमाही पास मासिकच्या २.७ पट पडतो, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. नोकरी नवी असेल तर तिमाहीच घे. वार्षिकात बचत जास्त आहे, पण एवढी रक्कम एकदम अडकते आणि मधेच नोकरी बदलली तर जीव हळहळतो. दुसरं म्हणजे पास कागदाचा घे. मोबाइलवरचा सोयीचा आहे, रांग वाचते, मी दोन वर्षं वापरलाही. पण फोन बंद पडला की पास नाही, आणि पास नाही म्हणजे विनातिकीट. फोन नेमका कधी बंद पडतो ते खाली येईलच.

आता जागेचं. बदलापूरहून सुटणारी गाडी वेगळी आणि कर्जत-खोपोलीहून येणारी वेगळी, हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसव. इंडिकेटरवर बदलापूरला बीएल, कर्जतला एस, कसाऱ्याला एन. सकाळी कर्जतहून येणारी गाडी आपल्याकडे येईपर्यंत भरलेली असते. बसायचं असेल तर बदलापूरहून सुटणारीच धरायची. आणि ती रिकामी येईल असं समजू नकोस. अंबरनाथच्या बायका उलट्या दिशेने येऊन जागा धरून बसलेल्या असतात, त्यावरून रोज चकमक होते. माझं मत विचारशील तर त्यांची चूक नाही. अंबरनाथला चढायलाच मिळत नसेल तर बाईने करावं काय? पण पहाटे साडेचारला उठून, डबे भरून, सुटायच्या ठिकाणी वीस मिनिटं आधी येऊन उभी राहिलेली बाई सलग दीड तास उभी जाते तेव्हा तिला हे समजावून सांगायला मी जात नाही.

बसायला मिळालं नाही तर "कुठे उतरणार?" हे विचारायला लाजायचं नाही. घाटकोपरला उतरणाऱ्या शोध. २०१४ मध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून तिथे अर्धा डबा उतरतो. तीन जणींच्या बाकावर चौथी सीट मागितली तर नाही म्हणत नाहीत, पण चौथ्या सीटवर बसणं म्हणजे निम्मं वजन स्वतःच्या पायांवर ठेवून बसणं. ठाण्यापर्यंत मांडी बधिर होते. तरी उभं राहण्यापेक्षा बरं.

डब्यातल्या माणसांबद्दल मी मनापासून सांगते की या सेवेतली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे. माझ्या मुलाच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी प्रवास केला आणि त्या काळात मला एकदाही उभं राहावं लागलं नाही. मसाल्याचं प्रमाण, नणंदेचं लग्न, पीएफचा फॉर्म, थायरॉइडचा डॉक्टर, सगळं मला या डब्यात मिळालंय. दसऱ्याला आम्ही डबा झेंडूने सजवतो, आरती होते, पेढे वाटतो. सासू गेली तेव्हा तेराव्याला माहेरच्या माणसांआधी लोकलच्या मैत्रिणी दारात होत्या. हे कुठल्या वेळापत्रकात छापलेलं नसतं आणि कुठली रेल्वे हे देतही नाही, हे बायकांनी बायकांसाठी उभं केलंय.

मग तक्रार काय? गर्दी? गर्दीची सवय होते. उशीर? उशिराचीही होते, आणि त्याची कारणं मला चांगली ठाऊक आहेत. कल्याणपर्यंत आता रूळ पुष्कळ आहेत. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, त्याचा फरक जाणवला. कल्याणच्या पुढे आपल्या बाजूला मात्र दोनच रूळ, एक जायचा आणि एक यायचा. त्याच दोन रुळांवरून आपल्या लोकल, पुण्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस, वर मालगाड्या. एक मेल उशिरा आली की तिला वाट करून द्यायला लोकल थांबणारच. कल्याण–बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम मंजूर आहे, ती झाली की सुटकेचा श्वास टाकू. तोवर दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होणार हे मी धरूनच चालते. ओव्हरहेड वायर तुटते, रुळाला तडा जातो, पावसात सिग्नल बिघडतो. यंत्रं आहेत, बिघडणारच.

माझी तक्रार एकच आहे. आम्हाला सांगत नाहीत.

संध्याकाळी मी जिथून गाडी धरते तिथला इंडिकेटर बघ. "बीएल, फास्ट, १ मिनिट." तीन मिनिटांनी बघितलं तरी १ मिनिट. आठ मिनिटांनीही १ मिनिट. या एका मिनिटात मी जागेवरून हलू शकत नाही. पाणी घ्यायला जाता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही, पलीकडे उभी असलेली कसारा पकडून निदान कल्याणपर्यंत जावं असं वाटलं तरी जाता येत नाही, कारण आपली एका मिनिटात येणार आहे. अकराव्या मिनिटाला तो आकडा पुसला जातो आणि त्या जागी ठाणा स्लो येते. आपली गाडी रद्द झाली का, मागे आहे का, दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर गेली का, काहीच नाही. मग भोंग्यातून आवाज येतो की गाडी अमुक फलाटाऐवजी तमुक फलाटावर येत आहे, आणि तेव्हा ती दिसायला लागलेली असते. हजार माणसं एकदम पुलाकडे धावतात. या धावण्याची मला भीती वाटते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसात अशाच दाटीत २३ माणसं चेंगरून गेली. त्या दिवसापासून मी पुलावर धावत नाही, गाडी गेली तर जाऊ दे. पण कडेला उभी राहून बघते तेव्हा धावणाऱ्यांत साठीच्या बायका असतात, पोटुशा मुली असतात, आणि ही धावपळ पाच मिनिटं आधी सांगून टळली असती हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळत असतं.

सांगण्याने काय फरक पडतो ते मी दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या गाड्यांत अनुभवलंय.

पहिला दिवस जुलैतला, बरीच वर्षं झाली. मुलगा चार वर्षांचा होता आणि पाळणाघर साडेसातला बंद व्हायचं. संध्याकाळची गाडी दोन स्टेशनांच्या मधे थांबली. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, आत घामाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. वीस मिनिटांनी पंखे थांबले, मग निम्मे दिवे गेले. डब्यात स्पीकर होता, त्याची गोल जाळी माझ्या डोक्यावरच होती, पण त्यातून एक अक्षर आलं नाही. कोणी म्हणालं रुळावर पाणी आहे, कोणी म्हणालं वायर तुटली, कोणी म्हणालं पुढे कोणीतरी उडवलं गेलंय. प्रत्येकजण घरी फोन लावत होती आणि प्रत्येकीचा फोन उतरत चालला होता. माझा सहा टक्क्यांवर आला तेव्हा मी पाळणाघरातल्या काकूंना लावला. "मी अडकलेय, कधी येईन सांगता येत नाही," एवढं बोलले आणि फोन गेला. त्या क्षणी मला खूप वाईट वाटलं ते "सांगता येत नाही" या शब्दांचं. काकूंनी त्याला आपल्या घरी नेलं असतं, शेजारणीला बोलावलं असतं, पण कशाची तयारी करायची हे मलाच माहीत नव्हतं तर त्यांना काय सांगणार?

माझ्यासमोर एक मावशी बसल्या होत्या, साठीच्या आसपास, मधुमेहाच्या. आपल्या लोकलला बाथरूम नसतं. त्यामुळे आम्ही सगळ्याजणी दुपारी चारनंतर पाणी पिणं बंद करतो, हे नव्या मुलीला कोणी सांगत नाही, मी सांगून ठेवते. मावशींना गोळीसाठी पाणी प्यावं लागलं होतं. तासाभराने त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि कानात म्हणाल्या, "बाई, आता नाही धीर धरवत." मी नि आणखी दोघीजणी, आम्ही ओढण्या धरून दाराच्या कोपऱ्यात आडोसा केला. त्या हुंदके देत होत्या. इतकी वर्षं झाली, त्यांचा तो हात अजून मनगटावर जाणवतो. "अर्धा तास लागेल" असं कोणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर त्यांनी गोळी पुढे ढकलली असती. "दोन तास लागतील" म्हटलं असतं तर आम्ही आधीच काही सोय बघितली असती.

मग बायका खाली उतरायला लागल्या. दारातून खडीपर्यंतचं अंतर जवळपास छातीएवढं भरतं. साडीतल्या बाईला ते उडी मारूनच उतरावं लागतं. एकीचा पाय मुरगळला. दोघीतिघी खाली उभ्या राहून बाकीच्यांना हात देत होत्या, आणि एवढ्यात गाडीने धक्का दिला आणि निघाली. हॉर्न वाजला असेल, पावसात आम्हाला ऐकू आला नाही. खाली राहिलेल्या दोघी दांडा पकडून धावल्या आणि आम्ही त्यांना दंडाला धरून वर ओढलं. एकीचा चप्पल नसलेला पाय सोलून निघाला होता. एक तास पन्नास मिनिटांत त्या स्पीकरमधून जे आलं नाही, ते "गाडी आता सुटते आहे, वर चढा" एवढंच होतं.

दुसरा दिवस गेल्या वर्षीचा, सकाळचा. पुन्हा दोन स्टेशनांच्या मधे थांबलो. दोनच मिनिटांत स्पीकर खरखरला आणि गार्डचा आवाज आला. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, पण आमच्यासाठी गार्डच. आवाज थोडा अडखळत होता, लिहिलेलं वाचत नव्हते. म्हणाले, "पुढे मालगाडीचं इंजिन बंद पडलंय. आपली गाडी निदान पंचवीस मिनिटं हलणार नाही. शेजारच्या रुळावरून गाड्या चालू आहेत, कोणीही खाली उतरू नका." बस, एवढंच.

डबा बदलला. सगळ्यांनी ऑफिसला फोन केले आणि सगळ्यांनी एकच वाक्य सांगितलं: साडेदहापर्यंत येते. बसलेल्या उठल्या आणि उभ्या असलेल्यांना बसवलं, पाळीपाळीने. खिडकीतल्या वहिनींनी मटारची पिशवी काढली आणि चौघीजणी शेंगा सोलायला लागल्या. वीस मिनिटांनी तो आवाज पुन्हा आला, "अजून पंधरा लागतील, माफ करा." एक बाईसुद्धा चिडली नाही. एकूण चाळीस मिनिटं गेली. उतरताना आम्ही सातआठजणी मुद्दाम शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेलो आणि त्यांना हात जोडले. ते बिचारे गोंधळले, त्यांना वाटलं भांडायला आल्या.

त्याच रुळांवर अडकलो होतो आणि माईकही तसाच होता. एका गार्डने तो उचलला म्हणून दीडशे-दोनशे बायकांची सकाळ सांभाळली गेली.

रेल्वेला हे जमतं याचा पुरावा दर रविवारी मिळतो. मेगाब्लॉक. किती ते किती, कुठून कुठे, कोणत्या गाड्या वळवल्या, सगळं दोन दिवस आधी पेपरात येतं, मोबाइलवर येतं. गाड्या पाच-पाच तास बंद असतात आणि तरी लोक त्याप्रमाणे लग्नाला सकाळीच निघतात, पाहुण्यांना संध्याकाळी बोलावतात. माहिती मिळाली की माणूस वाट काढतो. विजेवरच्या लोकलला ३ फेब्रुवारी २०२५ रोजी शंभर वर्षं पूर्ण झाली, पहिली व्हीटीहून हार्बरने कुर्ल्याला गेली होती. शंभर वर्षं रोज ही गाडी चालवणाऱ्यांना, आत्ता उभी असलेली गाडी का उभी आहे हे सांगणं अवघड नाही, असा माझा विश्वास आहे.

सध्या ते काम प्रवासीच एकमेकांसाठी करतात. एम-इंडिकेटर हे लोकलचं अॅप मोबाइलवर आजच घालून घे आणि त्यातलं चॅट बघायला शीक. "बीएल फास्ट आत्ता कुर्ला सोडली", "दोन नंबरला येतेय", "अंबरनाथला उभी आहे, पंधरा मिनिटं झाली", असं कोणीतरी दारात लटकत, एका हाताने टाइप करून मागच्यांना कळवत असतं. त्या न पाहिलेल्या माणसांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

लटकण्याचा विषय निघालाच आहे तर हेही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यात जीव गेले. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे येणार असं जाहीर झालं. हवा कशी खेळणार ते नीट बघून ते लवकर यावेत. तोवर तू दारात उभी राहू नकोस. बायकांच्या डब्यातही दाराशी रेटा असतो, आणि पाठीवरची सॅक पुढे घ्यायला आजच शीक. गाडी सोडावी लागली तर सोड. मागची येते.

एसी लोकलबद्दल विचारशील. गार असते, दारं बंद असतात, कानांना आराम मिळतो. घरात पैसे असतील तर उन्हाळ्याचे दोन महिने जरूर घे, मी दोनदा घेतला. पण साध्या गाडीच्या जागी एसी सोडली की साध्या पासवाल्या सगळ्या पुढच्या गाडीत कोंबल्या जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या बदलापूरकरांनी यासाठीच स्टेशनात आवाज उठवला आणि वाढवलेल्या एसी फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. जास्तीची गाडी म्हणून एसी आली तर मी पहिली टाळी वाजवीन.

तारे द्यायचे तर भाड्याला पाचपैकी पाच. डब्यातल्या बायकांनाही पाच, आणखी असते तर दिले असते. वेळेला तीन, रुळांची अडचण समजून. माहितीला एक, आणि तो एक त्या गार्डच्या नावाने, ज्यांचं नाव मला माहीत नाही.

नोकरी घे गं. सोमवारी सकाळी सात वाजता मधल्या लेडीज डब्यापाशी, पुलाच्या जिन्याच्या पुढे जिथे चहाची टपरी आहे, तिथे ये. डबा कापडी पिशवीत आण, स्टीलचा आण, प्लॅस्टिकचा दाबला जातो. बॅगेत पॉवर बँक, एक सुकी ओढणी आणि चार बिस्किटं ठेव. तुझी ओळख करून देते सगळ्यांशी. पहिला आठवडा घाटकोपरपर्यंत उभं राहावं लागेल, मग तुझी चौथी सीट ठरून जाईल.